जुन्या पाळण्याची दुरुस्ती व सुरक्षित जोडणी

शेतकरी कुटुंबांत पाळणा सहसा टाकून दिला जात नाहीं. एका पिढीचीं मुलें मोठीं झालीं म्हणजे तो खोलून माळ्यावर ठेवतात, आणि घरांत पुन्हां डोहाळजेवणाचीं बोलणीं सुरू झालीं कीं त्याची आठवण होते. सागाचें लांकूड बहुधा जसेंच्या तसें असतें. परंतु बोल्टांची पुरचुंडी मात्र सांपडत नाहीं. त्यांतला एक कोणीं तरी औताला लावलेला असतो, दुसरा पाण्याच्या पंपाला, आणि उरलेले गंजून एकमेकांस चिकटलेले असतात. अशा वेळीं काय करावें व काय करूं नये, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शेतकरी मनुष्य अडलेलें काम जागच्या जागीं भागविण्यांत तरबेज असतो. जुंवाची शिवळ मोडली तर बाभळीची फांदी तासून तो दुसरी करतो. पाण्याची नळी फुटली तर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून पाणी चालू ठेवतो. हा गुण मोलाचा आहे. परंतु शेतांतील तात्पुरती डागडुजी फसली तर फार झालें तर अर्धा दिवस जातो, आणि काम करणारा मनुष्य जवळच उभा असतो. पाळण्याची डागडुजी फसते ती बहुधा रात्रीं, सर्व निजलेले असतां. आणि आंतल्या जिवाला हांक मारण्याचेंहि सामर्थ्य नसतें. म्हणून येथें नियम एकच: हरवलेला भाग त्याच जातीचा व त्याच मापाचा मिळाला तर घालावा, न मिळाल्यास पाळणा वापरूं नये. तार, सुतळी, खिळा किंवा चिकटपट्टी ह्यांस पाळण्यांत स्थान नाहीं. लेखाचें सार एवढेंच होय. बाकीचा विस्तार हें कसें साधावें ह्याचा आहे.

प्रथम यादी

जोडणीस हात घालण्यापूर्वीं सर्व भाग अंगणांत सतरंजीवर मांडावे व कागदावर त्यांची यादी करावी. आमचें सारें आयुष्य नोंदवह्या लिहिण्यांत गेल्यामुळें आम्हांस यादीचें वेड आहे असें कोणी म्हणेल. परंतु काय उणें आहे तें यादीवांचून कळत नाहीं. आपल्याकडील नेहमींच्या लांकडी पाळण्याचे दोन मोठे भाग असतात: खालची घोडी आणि तिला टांगलेली पेटी. घोडीस दोन बाजूंच्या उभ्या चौकटी व त्यांस जोडणाऱ्या आडव्या दांड्या असतात. पेटीस दोन लांब कठडे, दोन आंखूड कठडे, तळाची फळी आणि टांगण्याच्या कड्या असतात. प्रत्येक सांध्यावर बोल्टांचीं भोकें किती आहेत तें मोजावें. जितकीं भोकें तितके बोल्ट, तितकेच नट, आणि वायसर त्यांच्या दुप्पट. हातीं असलेली संख्या शेजारीं लिहिली म्हणजे उणीव वजाबाकीनें निघते.

सुताराच्या हातच्या वस्तूंत डावीकडचा कठडा उजवीकडे बसतोच असें नाहीं. म्हणून भाग एकदां कोरडे जुळवून प्रत्येक सांध्याच्या दोन्ही अंगांस पेन्सिलीनें एकच आंकडा घालावा. त्याच वेळीं सर्व लांकूड खिळ्याच्या टोकानें टोंचून पाहावें. टोंक सहज आंत शिरलें, किंवा भोंकांतून पिठासारखा भुसा गळला, तर तो भाग किड्यानें खाल्लेला आहे असें समजून बदलावा.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्यांच्या घरासच लागू आहे. ज्या माळ्यावर पाळणा असतो त्याच माळ्यावर पुष्कळदां कीटकनाशकाचे डबे, बियाण्यास चोळण्याचें औषध व उंदरांचें विष असतें. पाळण्यावर त्यांपैकीं कांहीं सांडल्याचा डाग अथवा वास असेल, तर धुवून वा रंगवून भागत नाहीं. लांकूड तें शोषून घेतें, आणि मूल कठडा तोंडांत धरतें. असा पाळणा वापरूंच नये.

बोल्टाचें माप

जुने पाळणे इंचाच्या मापानें घडलेले आहेत. आपले सुतार इंचाचे आठ भाग करून एका भागास सूत म्हणतात. म्हणून पाव इंची बोल्ट तो दोन सुती, तीन-अष्टमांश इंची तो तीन सुती, आणि त्या दोहोंमधला अडीच सुती. ह्या इंची बोल्टांचे आटे सामान्यतः इंग्लंडांतील जोसेफ व्हिटवर्थ ह्यानें १८४१ सालीं मांडलेल्या प्रमाणाचे असतात. पुढें १९५६ च्या कायद्यानें आपल्या देशांत दशमान वजनेंमापें आलीं, आणि आज दुकानांत मिळणारे बोल्ट बहुतेक मिलिमीटरचे असतात.

घोटाळा येथेंच होतो. अडीच सुती बोल्टाची जाडी ७.९४ मिलिमीटर, व नव्याची ८ मिलिमीटर. डोळ्यांस दोन्ही सारखेच. परंतु पहिल्यास एका इंचांत १८ आटे असतात, तर दुसऱ्याचा प्रत्येक आटा १.२५ मिलिमीटरचा, म्हणजे इंचांत २० हून किंचित् अधिक. आट्याचा कोनहि एकाचा ५५ अंश व दुसऱ्याचा ६० अंश. एकाचा नट दुसऱ्यावर चढविला तर एक-दोन फेरे जातो व मग अडतो. पान्यानें जोर केल्यास तो घट्ट बसल्यासारखा वाटतो. वास्तविक आंत आटे चिरडले जात असतात, आणि पाळण्याच्या रोजच्या हालचालीनें असा नट सुटतो.

तेव्हां शिल्लक बोल्टांपैकीं एक खिशांत घालूनच दुकानीं जावें. जुना व नवा बोल्ट आट्यास आटे लावून उजेडासमोर धरावे. दांत एकमेकांत पूर्ण बसले व मध्यें उजेडाची फट दिसली नाहीं, तर जात एक आहे. नट त्याच वेळीं घेऊन बोटांनीं शेवटपर्यंत फिरवून पाहावा. जुन्या जातीचा माल न मिळाल्यास सर्वच बोल्ट-नट मिलिमीटरचे नवे घ्यावे. अर्धे जुने, अर्धे नवे असा मेळ घालूं नये, कारण पुढच्या वेळीं खोलतांना त्यांची सरमिसळ ठरलेलीच. शक्य तर आंत नायलॉनचें कडें असलेले नट घ्यावे. ते हलण्यानें सहसा सुटत नाहींत.

बोल्टाची लांबी डोक्याच्या खालून मोजावी. लांकडाची जाडी, दोन वायसर व नट इतकें होऊन दोन-तीन आटे बाहेर उरावे. अधिक उरल्यास करवतीनें कापून कानशीनें टोंक गुळगुळीत करावें. नट नेहमीं पेटीच्या बाहेरच्या अंगास यावा. वायसर गाळूं नये. त्याच्यावांचून नट लांकडांत रुततो व सांधा ढिला पडतो.

कांहीं पाळण्यांत बोल्ट दांडीच्या टोकांतून उभा आंत जातो आणि दांडीच्या पोटांतील लोखंडी गोल तुकड्यांत पकडतो. हा तुकडा हरवला म्हणजे पुष्कळ लोक त्या जागीं लांब स्क्रू ठोकतात. दांडीच्या टोकांतून गेलेला स्क्रू लांकडाच्या धाग्यांस आडवा न जातां त्यांच्या मधोमध शिरतो, आणि थोड्याशा ओढीनें निसटतो. तालुक्याच्या गांवीं लेथवाल्याकडून त्याच जाडीचा तुकडा कातून, त्यांत बोल्टाचे आटे पाडून घेणें हाच उपाय होय.

भोकें, सांधे व रंग

भोंक झिजून मोठें झालें असल्यास काडेपेटीच्या काड्या वा चिंध्या भरूं नयेत. भोंक स्वच्छ गोल करून त्यांत सागाची किंवा शिसवीची खुंटी सरस लावून बसवावी, एक दिवस वाळूं द्यावी, व मग नवें भोंक पाडावें. कुसूचा सांधा हलत असेल तर तो पुरा खोलावा, जुना सरस खरवडावा आणि नवा लावून रात्रभर दाबून ठेवावा. वरून खिळा मारणें हा उपाय नव्हे; खिळ्यानें कुसू चिरते आणि चीर रंगाखालीं दडून राहते. उभ्या खांबास अथवा टांगण्याच्या जागेस चीर असेल तर तो भागच नवा करावा.

जुन्या रंगाविषयीं विशेष सावध राहिलें पाहिजे. पूर्वींच्या तेली रंगांत शिसें असे, आणि तें लहान मुलाच्या मेंदूस अपाय करतें. आपल्या सरकारनें २०१६ सालीं नियम करून घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दहा लाख भागांस ९० भाग इतकी ठरविली, व १ नोव्हेंबर २०१७ पासून तो नियम अमलांत आला. त्यापूर्वींचा रंग संशयित समजावा. तो कोरडा घांसूं नये, कारण धूळ घरभर पसरते. अंगणांत, लांकूड ओलें करून घांसावा, नाकातोंडास फडकें बांधावें, आणि गर्भिणीस व मुलांस तेथून दूर ठेवावें. खालीं पसरलेला कागद गुंडाळून पुरून न टाकतां कचऱ्याच्या गाडीस द्यावा. शेतांत वा चुलींत जाऊं देऊं नये. नवा रंग डब्यावर शिसें नसल्याचें लिहिलेलाच घ्यावा.

फटींचें माप

कठड्याच्या दोन गजांमधील अंतर ६० मिलिमीटरपेक्षां, म्हणजे दोन इंच तीन सुतांपेक्षां, अधिक नसावें. हें माप अमेरिकेंत १९७३ सालीं केलेल्या नियमांत घातलें गेलें. त्याचें कारण असें कीं, तान्ह्या मुलाचें डोकें त्याच्या कंबरेहून मोठें असतें. फट रुंद असली तर पाय व धड खालीं निसटतें, आणि डोकें अडकून गळ्यास फांस बसतो. आपले जुने पाळणे ह्या नियमाच्या आधींचे अथवा त्याची वार्ता नसलेल्या हातांनीं केलेले आहेत. म्हणून ६० मिलिमीटर रुंदीचा लांकडी ठोकळा करून तो प्रत्येक फटींतून, नक्षीच्या भोकांतून व तळाच्या कडेनें घालून पाहावा. कोठेंहि पार गेला तर तेथें नवा गज बसविला पाहिजे. एखादा गज तुटला वा हरवला असल्यास कातारी तसाच दुसरा कातून देतो. त्या जागीं दोरी विणूं नये.

गादी व कठडा ह्यांच्या मध्यें दोन बोटांहून अधिक जागा नसावी. कोपऱ्याच्या खांबांवर बोंडें, पोपट किंवा मोर असतात ते काढून खांब कठड्याच्या उंचीस सपाट करावे. गळ्यांतील काळा दोरा अथवा अंगड्याचा बंद त्यांत अडकतो. मूल पाळण्यांत असतां त्याच्या गळ्यांत दोरा नसावाच.

टांगण्याचें सामान

चौकटीचा एखादा बोल्ट ढिला असला तर पाळणा करकरतो व सूचना देतो. कडी मात्र न सांगतां तुटते. पितळी कडी व आंकडा एकमेकांवर घांसून ज्या ठिकाणीं पातळ होतात तेथें नख फिरवून पाहावें. जाडीचा चौथा हिस्सा झिजला असेल तर दोन्ही बाजूंचें सामान एकदमच बदलावें. उघड्या तोंडाचा आंकडा चालणार नाहीं. त्याचें तोंड पूर्ण मिटलेलें असावें किंवा त्यास झडप असावी. दोन्ही साखळ्यांच्या कड्या मोजून सारख्या कराव्या. पाळणा टांगल्यावर तळावर परात ठेवून तींत थोडें पाणी ओतावें. पाणी एका कडेस गेलें तर मूलहि त्याच कडेस घरंगळेल आणि त्याचें नाक कठड्यास दाबलें जाईल.

जोडणीचा क्रम

सपाट जमिनीवर प्रथम घोडी उभी करावी. सर्व बोल्ट घालून नट केवळ बोटांनीं फिरवावे. एकहि पान्यानें आवळूं नये. मग चौकटीचे दोन्ही कर्ण दोरीनें मोजावे. शेताच्या चौरस तुकड्याची परीक्षा जशी कर्णांवरून होते तशीच ही होय: कर्ण सारखे असतील तर चौकट गुण्यांत आहे. त्यानंतर समोरासमोरचे नट आळीपाळीनें थोडे थोडे आवळावे. वायसर लांकडांत रुतूं लागला कीं थांबावें. पेटीहि ह्याच रीतीनें जोडून शेवटीं टांगावी.

जोडणी झाल्यावर प्रत्येक नटावरून लांकडापर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढावी. नट थोडा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते, व घरांतील कोणासहि ती रोज तपासतां येते.

मग पेटींत २५ ते ३० किलो धान्य भरलेलें पोतें ठेवून पाळणा रात्रभर टांगलेला ठेवावा, आणि सकाळीं पंधरा मिनिटें झोंके द्यावे. हें वजन मुलाच्या वजनाच्या तिपटीहून कमी नसतें, व जें तुटावयाचें तें पोत्याखालीं तुटलेलें बरें. त्यानंतर सर्व नट पुन्हां तपासावे, आठवड्यानें आणखी एकदां, आणि पुढें दरमहा. पावसाळ्यांत लांकूड फुगतें व उन्हाळ्यांत आकसतें. म्हणून चैत्रांत व मृगांत ही तपासणी चुकवूं नये.

पाळण्यांत गादी कठीण व सपाट असावी. डोकें गोल व्हावें म्हणून मोहरीची उशी देण्याची आपल्याकडे चाल आहे. परंतु उशी, जाड गोधडी व सैल दुपटीं ह्यांनीं नाकतोंड झांकलें जाण्याचें भय असतें. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें १९९२ सालीं तान्ह्या मुलांना पालथें न निजवण्याचा सल्ला दिला, आणि आज सर्वत्र डॉक्टर मुलास उताणेंच निजवावयास सांगतात. मूल कुशीवर वळूं लागलें किंवा हातांवर उठूं लागलें कीं झोंक्याचा पाळणा बंद करावा.

सरकत्या कठड्याची खाट

शहरांतील नातेवाईकांकडून कधीं कधीं चार पायांची कठड्याची खाट येते, जिची एक बाजू वरखालीं सरकते. तिच्याविषयीं आमचें सांगणें अगदीं निराळें आहे: ती दुरुस्तच करूं नये. सरकती बाजू लहान खिट्ट्यांवर तोललेली असते. खिट्टी तुटली, हरवली अथवा बाजू उलटी बसली, तर कठडा वरून जागेवर दिसतो व खालून गादीपासून सुटतो. त्या फटींत मूल निसटून अडकतें. अमेरिकेंतील ग्राहक-सुरक्षा आयोगानें २००० सालानंतरच्या दहा वर्षांत अशा खाटांमुळें निदान ३२ तान्ह्या मुलांचे मृत्यु नोंदविले, आणि २८ जून २०११ पासून त्या देशांत अशा खाटा करण्यास व विकण्यास बंदी झाली. मोडलेल्या खिट्ट्या, हरवलेले भाग व चुकीची जोडणी हींच त्या दुर्घटनांचीं कारणें होतीं. जी वस्तु तेथें विकतां येत नाहीं ती भेट म्हणून आपल्या घरीं आली तर तिचा मोह धरूं नये.

पाळणा केव्हां सोडावा

टांगण्याचा भाग मापाचा मिळत नाहीं, उभ्या खांबास चीर आहे, विष सांडलेलें आहे, किंवा फटी कमी करतां येत नाहींत, ह्यांपैकीं एकहि गोष्ट असल्यास पाळण्यांत मूल निजवूं नये. येथें घरांतील वडील मंडळींचें मन दुखावतें, हें आम्ही जाणतों. "आम्ही सारे ह्याच पाळण्यांत वाढलों, आम्हांस काय झालें?" असें आजी विचारतात. त्यांस उलट उत्तर देऊं नये. परंतु मनांत हें समजून असावें कीं, ज्यांस कांहीं झालें नाहीं तेच असें विचारावयास मागें राहतात.

फटी रुंद असूनहि घोडी व कड्या पोत्याच्या परीक्षेस उतरल्या असतील, तर एक मधला मार्ग आहे. बारशाच्या दिवशीं नांव ठेवण्यापुरतें जागें मूल त्या पाळण्यांत घालावें, आत्याबाईंनीं हात काढूं नये, आणि विधि होतांच उचलून घ्यावें. ह्यानें घराण्याचा मानहि राहतो व जिवासहि धोका पोहोंचत नाहीं. जो पाळणा ह्यासहि योग्य नसेल तो कोणास दान देऊं नये, वा तसाच उकिरड्यावर टाकूं नये. गरजू मनुष्य तो उचलून नेतो. त्याचे सांधे करवतीनें कापावे. चांगल्या सागाच्या गजांची देवघरास फळी किंवा ओसरीस कठडा होऊं शकतो.

मूल मोठें झाल्यावर पाळणा खोलाल त्या दिवशीं सर्व बोल्ट, नट व वायसर तेलाचा हात फिरवून एका कापडी पिशवींत घालावे, यादीचा कागद त्यांतच ठेवावा, आणि पिशवी घोडीच्या दांडीस घट्ट बांधून मगच पाळणा माळ्यावर चढवावा.